सुरीची घडण : पाते, परज आणि मूठ

खेड्यातील लोहाराकडे फाळ शेवटून घेण्यासाठी, कुदळीला तोंड लावून घेण्यासाठी किंवा कोयता धरून घेण्यासाठी शेतकरी आजही जातो. घरातील सुरीसाठी मात्र तो बाजाराची वाट धरतो. बाजारातील पातळ, चकचकीत सुरी स्वस्त असते, ती सहसा गंजत नाही आणि मोडली तर टाकून देता येते. तिच्याशी किमतीत स्पर्धा करणे गावच्या कारागिरास शक्य नाही व त्याने ती करूही नये. परंतु विशिष्ट माणसाच्या हाताच्या मापाने आणि त्याच्या कामाच्या गरजेप्रमाणे घडविलेली, पितळी परज बसविलेली, कोरीव मुठीची सुरी हा निराळा माल आहे. तिला गिऱ्हाईक मिळते. अट एवढीच की ती टिकली पाहिजे. शोभिवंत मुठीच्या कित्येक सुऱ्या पहिल्याच पावसाळ्यात मुठीत खिळखिळ्या होतात, किंवा करवंटीवर एक घाव बसताच त्यांच्या धारेचे टवके उडतात. हा दोष पात्याला दिलेल्या पाण्यात आणि पाते, परज व मूठ यांच्या सांध्यात असतो. सबब प्रस्तुत पाठात या दोन गोष्टींचा विस्ताराने विचार केला असून नक्षीला शेवटचे स्थान दिले आहे.

येथे उदाहरणादाखल सहा इंच लांब, सव्वा इंच रुंद आणि पाठीकडे सुमारे चार मिलिमीटर जाड पात्याची सुरी घेतली आहे. स्वयंपाकघर, परसबाग आणि वाडी या तिन्ही ठिकाणी ती उपयोगी पडेल. गोव्यातील आदोळीची किंवा घाटावरील विळीची जागा ती घेणार नाही. पायाखाली दाबून वापरावयाच्या त्या साधनाचे काम वेगळे आहे.

पोलादाची निवड

दक्षिणेला पोलाद नवे नाही. तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे मातीच्या मुशीत तयार होणारे पोलाद खरेदी करण्यासाठी इराणचे व्यापारी येत असत. हेन्री वॉयसी या भूशास्त्रज्ञाने केलेले तेथील पद्धतीचे वर्णन १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपात हे पोलाद ‘वूट्झ’ या नावाने ओळखले जाई. कन्नडमधील ‘उक्कु’ या शब्दाचाच तो अपभ्रंश असल्याचे सामान्यतः मानले जाते. सीमाभागातील वाचकांना तो शब्द परिचित असेल. मायकेल फॅरडे यांच्यासारख्या शास्त्रज्ञानेही १८१९ मध्ये या पोलादाचे पृथक्करण करून पाहिले होते. मुशीतले ते पोलाद आता गावच्या भट्टीत होत नाही; परंतु चांगले पोलाद भंगाराच्या दुकानात पडलेले असते.

मालमोटारीच्या कमानीचा पाटा हा त्यातला सर्वांत सोयीचा. त्यात शंभर भागांत अर्धा ते सहा दशांश भाग कर्ब असतो. बांधकामाच्या सळईत तो याच्या निम्म्याहूनही कमी असतो. म्हणून सळई कितीही तापवून बुडविली तरी तिला सुरीजोगे पाणी चढत नाही. जुन्या कानशीत कर्ब एका भागाच्या आसपास असतो; तिची धार अधिक टिकते, पण ती ठिसूळही अधिक असते. नवशिक्याने पाट्यापासूनच आरंभ करावा. पोलाद ओळखण्याची सोपी रीत अशी : सहाणेच्या फिरत्या चाकावर तुकडा टेकवावा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या उडतात. कर्ब असलेल्या पोलादाच्या ठिणग्या टोकाशी फुलबाजीसारख्या फुटतात.

पाटा फार वापरलेला असेल तर त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. मोडलेल्या पाट्याचा तुकडा घेण्यापेक्षा, शक्य असल्यास, कमी वापरलेला अखंड पाटा घ्यावा. रेल्वेच्या रुळाचे अथवा रुळाखालील खिळ्यांचे तुकडे मात्र कोणी आणून दिले तरी स्वीकारू नयेत. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणे हा १९६६ च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे. तुकडा कोठून आला हे कारागिरास ठाऊक नव्हते, ही सबब तेथे पुरी पडेलच असे नाही.

घडाई

भट्टी सावलीत असावी. उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही, आणि या कामात रंग हेच मोजमाप आहे. पोलाद नारिंगी झाले की घण चालवावा. ते मंद लाल झाले की थांबून पुन्हा भट्टीत घालावे. काळ्या पडलेल्या पोलादावर मारलेला प्रत्येक घाव आत चीर पाडू शकतो. उलटपक्षी, ते पांढरे होऊन त्यातून ठिणग्या फुलू लागल्या तर पोलाद जळाले असे समजावे. जळालेला भाग तोडून टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते आणि पाते पाठीच्या बाजूला वाकते. जाणता लोहार म्हणूनच पाते आधी धारेच्या बाजूला किंचित वाकवून घेतो. पुढे ठोकता ठोकता ते आपोआप सरळ येते. मुठीत शिरणारा निमुळता भाग, ज्यास आपण येथे शेपटी म्हणू, तो साडेचार इंच लांब ठेवावा. पात्याशी तो अर्धा इंच रुंद आणि टोकाशी पाव इंच असावा. पाते जेथे संपते व शेपटी सुरू होते तेथील खांद्याचा आतला कोपरा काटकोनात कापू नये, तो गोलसर ठेवावा. सुऱ्या नेमक्या याच कोपऱ्यात मोडतात.

घडाई झाल्यावर पाते लालबुंद करून स्थिर हवेत निवू द्यावे. असे तीन वेळा करावे. घणाच्या घावांनी पोलादात आलेला ताण त्यामुळे निघून जातो. नंतर एकदा तापवून रात्रभर राखेत पुरून ठेवावे, म्हणजे ते कानशीने घासण्याइतके मऊ होते. कानसकाम हे चिकाटीचे आहे, त्याबद्दल अधिक सांगण्याचे कारण नाही. फक्त धार आताच काढू नये. धारेची कड एक मिलिमीटर जाड ठेवावी, नाही तर पाणी देताना ती वाकडी होते किंवा चिरते.

पाणी देणे आणि पाणी उतरविणे

धारेच्या कठीणपणाला मराठीत ‘पाणी’ म्हणतात. तलवार पाणीदार असते, माणूसही पाणीदार असतो, आणि दोघांचेही पाणी उतरते. भाषेने ही क्रिया इतकी आपलीशी केली असली तरी या शब्दानेच दोन गैरसमज रूढ केले आहेत. पहिला असा की तापलेले पोलाद पाण्यातच बुडवावयाचे असते. दुसरा असा की ते बुडविले की काम संपले.

प्रथम उष्णतेविषयी. पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की लोहचुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे महागड्या उपकरणाची गरज नाही. तारेला बांधलेला चुंबक भट्टीजवळ टांगून ठेवावा. पात्याला चुंबक धरेनासा झाला की रंगाची एकच छटा अधिक चढू द्यावी आणि ती सबंध धारेवर सारखी आहे असे पाहून पाते बुडवावे. त्याहून अधिक तापविल्यास पोलादाचे कण मोठे होतात व पाते काचेसारखे तुटते.

कमानीच्या पाट्याच्या पोलादाला पाण्यात बुडविणे धोक्याचे असते, कारण पाणी फार झपाट्याने उष्णता ओढून घेते आणि पाते चिरते. त्यास गोडे तेल वापरावे : शेंगदाण्याचे, मोहरीचे किंवा कोकणात व गोव्यात सहज मिळते ते खोबरेल. तेल थंड नसावे. बोटाला चांगले गरम लागेल इतके, म्हणजे ५० ते ६० अंशांपर्यंत, ते तापवून घ्यावे. गरम तेल पातळ असते व पात्याला सर्व बाजूंनी भिडते. पाते टोकाकडून सरळ खाली घालावे. आत ते पुढेमागे हलवावे, आडवे हलवू नये. आडवे हलविल्यास ते एका अंगाला वाकते. मोटारीचे जळके तेल वापरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती सोडून द्यावी. त्याच्या धुरात विषारी द्रव्ये असतात. तेलाचे भांडे खोल, लोखंडी आणि झाकणाचे असावे. तेलाने पेट घेतला तर झाकण टाकावे. पाणी कदापि ओतू नये.

तेलातून काढलेल्या पात्याच्या धारेवर कानस फिरवून पाहावी. ती न खाता घसरली तर पाणी चढले. याच क्षणी पाते सर्वांत कठीण आणि सर्वांत दुबळे असते. दगडी फरशीवर पडले तरी त्याचे दोन तुकडे होऊ शकतात. अनेक कारागीर येथे थांबतात, आणि करवंटीवर टवके उडतात ते त्यामुळेच.

दुसरी क्रिया पाणी थोडे उतरविण्याची. ती त्याच दिवशी, विलंब न करता करावी. पाते पॉलिश कागदाने घासून चकचकीत करावे, म्हणजे त्यावर येणारे रंग दिसतील. मग लोखंडाची जाड पट्टी लाल करून तिच्यावर पात्याची पाठ टेकवावी, धार वर राहू द्यावी. पाठीकडून धारेकडे रंगांच्या लाटा सरकू लागतात : आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. धारेवर पेंढ्याचा पिवळा रंग पोचताच पाते पाण्यात घालावे. तोवर पाठ निळी झालेली असते. अशा रीतीने धार कठीण आणि पाठ लवचीक राहते. पिवळा रंग साधारण २०० ते २३० अंशांवर येतो. घरात भाजणीची विजेची भट्टी असेल तर २०० ते २१० अंशांवर एक एक तास दोनदा ठेवल्यानेही काम होते; किंबहुना ते अधिक खात्रीचे होते. पाठ निळी करावयाची राहून जाते, पण या मापाच्या सुरीला त्यावाचून अडत नाही. हाडे किंवा फांद्या तोडण्याचा कोयता असेल तर धारेवर रंग तपकिरीपर्यंत चढू द्यावा.

कार्यानुभवाच्या तासाला शिक्षकांना हा विषय भट्टीशिवायही शिकविता येईल. चांगल्या पोलादाची तीन दाभणे घ्यावीत. तिन्ही चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर लाल करावीत. पहिले हवेत सावकाश निवू द्यावे. ते वाकविले की वाकून तसेच राहते. दुसरे लाल असतानाच पाण्यात टाकावे; ते कट्‌कन मोडते. तिसरे तसेच पाण्यात टाकून, पुसून, घासून, पुन्हा निळा रंग येईपर्यंत हळूच तापवावे. ते वाकते आणि सोडताच सरळ होते. मोडताना तुकडा उडतो, म्हणून दाभण जाड कापडात गुंडाळून मोडावे व डोळ्यांवर चष्मा असावा. प्रयोग शिक्षकांनी करून दाखवावा, मुलांच्या हाती देऊ नये. तलवार पाणीदार म्हणजे काय, हे मुले मग कधी विसरत नाहीत.

परज

तलवारीच्या मुठीपुढील आडव्या भागास परज म्हणतात. तो शत्रूच्या वारापासून हात वाचवितो. सुरीच्या परजेला शत्रू नसतो. तिला वाचवावयाचा असतो तो आपलाच हात आपल्याच धारेपासून. ओला फणस किंवा मासळी कापताना तेलकट हात पुढे घसरतो आणि तर्जनी धारेवर जाते. हाच प्रश्न जुन्या शस्त्रकारांनी निरनिराळ्या प्रकारे सोडविलेला दिसतो. कट्यारीची पकड आडवी असते व तिच्या दोन्ही अंगांच्या दांड्या मनगटाकडे जातात, त्यामुळे हात पुढे सरकण्याचा संभवच नसतो. बिचव्याची मूठ बोटांभोवती कडीसारखी वळविलेली असते. घरगुती सुरीला एवढा बंदोबस्त नको. उलट तिची परज मोठी झाली तर पाट्यावर भाजी चिरताना ती आड येते.

सहा मिलिमीटर जाडीची पितळेची पट्टी घ्यावी. पितळ गंजत नाही आणि कानशीला सहज वश होते. परज धारेच्या खाली आठ मिलिमीटर उतरावी. पाठीच्या बाजूला ती पात्याबरोबर संपावी, म्हणजे जोर देताना अंगठा पाठीवर ठेवता येतो. बोटाकडील अंग किंचित खोलगट करावे व सर्व कडा गोल कराव्यात. हा आकार डोळ्यांनी न ठरविता गिऱ्हाइकाच्या तर्जनीला लावून ठरवावा. सुरी त्याच्यासाठी घडविली जात आहे, हे येथेच खरे होते.

शेपटीसाठी पट्टीत चीर पाडणे हे परजेतील सर्वांत नाजूक काम होय. एका रेषेत लहान भोके पाडून ती बारीक कानशीने जोडावीत. चीर शेपटीहून जराशी अरुंद ठेवावी आणि शेपटीवर काजळी लावून परज वर सरकवून पाहावी. काळा डाग जेथे उठेल तेवढेच घासावे, पुन्हा पाहावे. परज खांद्याला भिडली असता पुढून उजेडाची रेषादेखील दिसता कामा नये. घाई करून चीर सैल केली तर पुढे ती डाखाने भरण्याचा मोह होतो. डाख सांधा बंद करतो. सैल परजेला तो घट्ट करू शकत नाही. खरे तर कारागिराची परीक्षा मी याच रेषेवरून घेईन, मुठीवरील वेलबुट्टीवरून नव्हे. पाणी शिरते ते येथूनच, आणि शेपटी मुठीच्या आत, कोणाला न दिसता, गंजून जाते.

परज पाणी उतरविल्यानंतरच बसवावी. कथलाच्या डाखाने सांधा बंद करावयाचा असल्यास पात्याला ओले फडके घट्ट गुंडाळावे, कारण डाखाची उष्णता धारेकडे गेली तर आधीची सारी मेहनत वाया जाते.

मूठ आणि कोरीवकाम

मुठीसाठी शिसवी, बाभूळ किंवा चिंचेचा गाभा चांगला. लाकूड किमान एक वर्ष सावलीत वाळलेले असावे; ओल्या लाकडाची मूठ उन्हाळ्यात आकसते आणि परजेपासून सुटते. म्हशीचे शिंगही उत्तम असून उकळत्या पाण्यात ते मऊ पडते व दाबून सरळ करता येते. सांबर व चितळ यांची शिंगे तसेच हस्तिदंत मात्र वापरता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्यांस मनाई आहे. शिंग रानात आपोआप गळून पडलेले होते, हे म्हणणेही ग्राह्य धरले जात नाही. जुन्या पद्धतीची मूठ हवी म्हणून गिऱ्हाईक आग्रह धरील, तेव्हा कारागिराने हे त्यास स्पष्टपणे सांगावे.

मुठीची लांबी काढण्याची रीत सोपी आहे : गिऱ्हाइकाच्या चार बोटांच्या रुंदीत आणखी एक बोट मिळवावे. मूठ गोल नसावी, अंडाकृती असावी. गोल मूठ हातात फिरते. अंडाकृती मुठीमुळे अंधारातही धार कोणत्या बाजूला आहे हे हाताला कळते. लांबीतून आरपार भोक पाडून ते शेपटीच्या आकाराचे करावे. तापलेल्या शेपटीनेच भोक जाळून वाढविण्याची चाल आहे, ती पाणी देण्याच्या अगोदर केली तर चालेल. नंतर तसे केल्यास पात्याचे पाणी उतरते, म्हणून त्याच मापाची वेगळी सळई वापरावी.

लाखेत वस्त्रगाळ केलेली विटेची भुकटी मिसळून ती वितळवून भोकात ओतावी आणि शेपटी आत दाबावी. तलवारीच्या मुठी याच रीतीने बसविल्या जात. आता एपॉक्सी मिळते, ते अधिक पक्के असते. तथापि लाखेचा एक गुण त्यात नाही. मूठ बदलावयाची झाल्यास लाख गरम करून ती सोडविता येते. शेपटीचे टोक मुठीबाहेर दोनतीन मिलिमीटर काढून, त्यावर पितळेची चकती घालून ठोकून पसरावे. लाख किंवा एपॉक्सी पाणी अडविते, ताण मात्र या ठोकलेल्या टोकाने पेलावयाचा असतो.

मूठ पक्की बसली, हातात घेऊन पाहिली, गिऱ्हाइकाला पसंत पडली, की मग कोरणी हाती घ्यावी. शिमोगा जिल्ह्यातील सागर-सोरब भागातले गुडिगार कारागीर चंदनावर जी दाट नक्षी करतात ती डोळ्यांनी पाहण्यासाठी असते. मूठ धरण्यासाठी असते. तळहात जेथे दाबतो त्या दोन्ही बगलांवर एक मिलिमीटरपेक्षा खोल कोरू नये, आणि तेथे आडव्या-तिरप्या रेघांची बारीक चौकडी असावी. ओल्या हातातही ती सरकत नाही. कमळ, वेल, मोर यांना मुठीच्या शेवटच्या फुगीर टोकावर आणि परजेलगतच्या वरच्या अंगावर जागा द्यावी. खोल खळगे टाळावेत, कारण त्यांत पीठ, मासळीचे पाणी, चिकाचे डाग साठतात आणि सुरी स्वच्छ राहत नाही. पटाशी लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावी, उलट्या दिशेने चालविल्यास पाकळीची टोके उडतात. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ थर, प्रत्येक थर वाळू देऊन, तीनचार वेळा द्यावेत.

धार आता काढावी, आणि ती पाण्याने भिजविलेल्या दगडावर हाताने काढावी. फिरत्या चाकावर पातळ धार क्षणात निळी पडते, आणि निळी पडलेली धार मऊ असते. ही सुरी पोलादाची असल्याने गंजते, हे गिऱ्हाइकास आधीच सांगावे : वापरल्यावर धुऊन पुसावी, खोबरेलाचे बोट फिरवावे, रात्रभर मोरीत भिजत ठेवू नये.

कायदा आणि नोंदणी

परज व कोरीव मूठ पाहून सुरीला शस्त्र समजले जाण्याची शक्यता असते, म्हणून ग्रामपंचायतीच्या व पोलीस खात्याच्या कर्मचाऱ्यांनीही पुढील गोष्ट लक्षात ठेवणे उचित होईल. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येतून केवळ घरगुती अथवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू वगळल्या आहेत. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांचा शस्त्रांच्या वर्गात समावेश असून तेथेही घरगुती, शेतीविषयक, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगाची साधने वगळलेली आहेत. या पाठातील सुरी दोन्ही मापांच्या आत बसते. तलवार, खंजीर, भाला ही मात्र त्या वर्गात नावानिशी आलेली शस्त्रे आहेत. भिंतीवर टांगण्यासाठी म्हणून कोणी दुधारी खंजीर मागितला तरी परवान्यावाचून तो बनवू अथवा विकू नये. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे तात्पुरते मनाई आदेश असतील तेव्हा तयार माल गिऱ्हाइकाच्या गावी पोचविण्यापूर्वी चौकशी करावी आणि पावतीवर ‘घरगुती वापराची सुरी’ असे लिहून पात्याचे माप नोंदवावे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत ज्या अठरा व्यवसायांचा अंतर्भाव आहे त्यांत लोहार, सुतार, शस्त्रे बनविणारे आणि हातोडा व अवजार-संच बनविणारे यांचा समावेश होतो. हाताने व अवजारांनी काम करणाऱ्या, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कारागिरास, कुटुंबातील एकालाच, तीत नोंदणी करता येते. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे असून त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद योजनेत केलेली आहे. अर्ज सामायिक सेवा केंद्रातून भरला जातो व त्याची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडून होते.